सेवा-क्लबच्या मासिक वार्तापत्रात नेमके काय असावे, आणि कोणते उपक्रम पुढे चालवावेत?

प्रश्न : नवा सचिव, जुळे सोलापूर

नमस्कार. मी सुताचा आणि टॉवेलचा व्यापार करतो आणि गेली सहा वर्षे सोलापुरातील एका सेवा-क्लबचा सभासद आहे. रोटरी असो वा लायन्स, या क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते, हे येथील अनेकांना ठाऊक असेलच. येत्या १ जुलैपासून आमच्या क्लबचे सचिवपद माझ्याकडे येत आहे आणि त्याबरोबर मासिक वार्तापत्र काढण्याचे कामही. पूर्वी हे वार्तापत्र चार पानी छापील असे. आता ते पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले जाते आणि बहुतेक सभासद ते न उघडताच त्याखाली पसंतीच्या अंगठ्याचे चिन्ह टाकून मोकळे होतात.

पूर्वतयारी म्हणून मी गेल्या वर्षाचे बाराही अंक एका बैठकीत वाचून काढले आणि वाचून झाल्यावर मनाला बरे वाटले नाही. प्रत्येक अंकात जवळजवळ एकच छायाचित्र आहे: मागे फलक, त्यापुढे आमची रांग, आणि मधोमध वही, चष्मा, चादर किंवा रोप स्वीकारणारी कोणीतरी व्यक्ती, जिचे नाव कोठेही दिलेले नाही. नोव्हेंबरच्या अंकात नेत्रतपासणी शिबिराची बातमी आहे. त्यात उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक आणि आभार मानणारे अशा अकरा जणांची नावे आहेत, १३४ जणांची तपासणी झाली असेही लिहिले आहे. पण त्यांपैकी कितीजणांना मोतीबिंदू निघाला आणि कितीजणांची शस्त्रक्रिया झाली याचा उल्लेख त्या अंकात नाही, डिसेंबरच्या अंकात नाही आणि जूनपर्यंतच्या एकाही अंकात नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. वार्तापत्रात काय लिहिले तर ते वाचण्याजोगे आणि उपयोगाचे होईल? आणि रक्तदान, नेत्रतपासणी, वृक्षारोपण, वह्यावाटप, उन्हाळ्यातील पाणपोई, आषाढी वारीतील सेवा या आमच्या नेहमीच्या उपक्रमांपैकी, निधी आणि माणसे दोन्ही मर्यादित असताना, कशावर भर द्यावा? ज्यांनी अशा क्लबांत काम केले आहे त्यांनी आणि विशेषतः ज्यांनी आमच्यासारख्यांच्या शिबिरांचा अनुभव दुसऱ्या बाजूने घेतला आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे. टीका झाली तरी मला राग येणार नाही.

उत्तर : जुना सभासद, रेल्वे लाइन्स

सचिव महोदय, आपण बाराही अंक वाचलेत हेच मोठे काम केलेत. माझ्या अध्यक्षपदाच्या वर्षातील अंक मी स्वतःसुद्धा पूर्ण वाचले होते असे छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

वार्तापत्राविषयी मला जे सांगायचे आहे ते मी वार्तापत्रातून शिकलो नाही, पल्स पोलिओच्या कामात शिकलो. रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम १९८५ साली हाती घेतला आणि भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ पासून सुरू झाली. त्या काळात आम्ही क्लबचे सभासद रविवारी एसटी स्थानकावर आणि रेल्वे स्थानकावर बूथ सांभाळत असू. बर्फाच्या पिशव्या भरलेली लसीची पेटी, डोस दिल्यावर मुलाच्या डाव्या करंगळीला लावायची शाई, आणि लसीच्या कुपीवरील ते छोटे वर्तुळ, ज्यातला चौकोन भोवतालच्या रंगाइतका गडद झाला की कुपी बाजूला ठेवायची, एवढे आमचे शास्त्र. छायाचित्रे अर्थातच रविवारीच काढली जात.

खरे काम मात्र सोमवारपासून सुरू होई. आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर घरोघर जायचे आणि दारावर खडूने खूण करायची. घरातील पाच वर्षांखालील सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, आणि एखादे मूल गावाला गेले असेल, घर बंद असेल किंवा घरच्यांनी नकार दिला असेल तर ‘एक्स’. संध्याकाळी आरोग्य केंद्रात बैठक होई तेव्हा वैद्यकीय अधिकारी किती डोस दिले हे नंतर विचारत. पहिला प्रश्न असे, ‘‘एक्स घरे किती राहिली?’’ भवानी पेठेतील एका घरी आजीबाई नातवाला डोस पाजू देईनात. आतल्या खोलीत माग चालू, त्या खटखटीत आमचे मराठी त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते आणि त्यांचे तेलुगू आम्हाला कळत नव्हते. तिसऱ्या दिवशी आमच्यातले एक तेलुगू भाषक सभासद गेले, उंबऱ्यावर बसून अर्धा तास सुताच्या भावावर बोलले आणि मग सहज म्हणाले की आता बाळाला घ्या. परत येताना त्यांनी दारावरचा ‘एक्स’ तळहाताने पुसून ‘पी’ लिहिला. आम्हा कोणाजवळही त्या क्षणाचे छायाचित्र नाही.

भारतातील शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. हे यश रविवारच्या बूथइतकेच, किंबहुना थोडे अधिक, त्या ‘एक्स’ घरांच्या यादीचे आहे असे माझे मत आहे. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: प्रत्येक अंकात क्लबने काय केले ते लिहा, आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत काय राहिले ते लिहा. ज्या क्लबच्या वार्तापत्रात ‘राहिलेली कामे’ असे सदर असते त्याच्या सभेला माणसे येतात, कारण त्यांना करण्यासारखे काहीतरी असते.

उपक्रमांविषयी एकच गोष्ट सांगतो. आपले वर्ष १ जुलैला बदलते आणि आषाढी वारी बहुतेक वर्षी नेमकी त्याच सुमारास असते. पालख्या नातेपुते, माळशिरस, अकलूजच्या बाजूने आपल्या जिल्ह्यात शिरतात त्या वेळी जुने पदाधिकारी निरोपाच्या आणि नवे पदाधिकारी पदग्रहणाच्या गडबडीत असतात. त्यामुळे वारीतील सेवा दरवर्षी आयत्या वेळी उभी राहते आणि फोड आलेल्या पायांना पट्टी बांधण्याऐवजी आपण केळी वाटून परत येतो, जी केळी वारकऱ्यांना त्या मार्गावर पंचवीस ठिकाणी मिळालेली असतात. वारीसाठी पदाधिकाऱ्यांच्या फेऱ्यात न अडकणारी, तीन वर्षांसाठी नेमलेली वेगळी समिती करा. वृक्षारोपण करायचेच असेल तर मे महिन्यात त्या रोपांना पाणी कोण घालणार त्याचे नाव आधी लिहा. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते तेथे खड्डे खणण्यापेक्षा हा प्रश्न अवघड आहे.

उत्तर : रक्तपेढीतील एक कर्मचारी

मी सोलापुरातील एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करते. क्लब आमचे मित्र आहेत, त्यांच्याशिवाय आमचे काम चालणार नाही, आणि म्हणूनच थोडे स्पष्ट लिहिते.

आपल्याकडे रक्तदानाची शिबिरे ठरावीक दिवसांभोवती गोळा होतात: जयंत्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस, क्लबचा वर्धापनदिन, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन. एका आठवड्यात आमचे शीतकपाट भरून वाहते आणि पुढे दीड महिन्याने आम्ही नातेवाइकांना फोन करायला सांगत असतो. नेहमीच्या पिशवीतील रक्त २ ते ६ अंश तापमानात ३५ दिवस टिकते, विशिष्ट द्रावण असलेल्या पिशवीतील तांबड्या पेशी ४२ दिवस, आणि प्लेटलेट्स तर केवळ ५ दिवस, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. पुरुष रक्तदात्याला पुन्हा रक्त देण्यासाठी ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस थांबावे लागते. याचा अर्थ असा की आज तीनशे जणांनी एकदम रक्त दिले तर ते तीनशेही जण तीन-चार महिने आमच्या उपयोगाचे राहत नाहीत आणि त्यांचे रक्त महिन्याभरात वापरून तरी होते किंवा मुदतबाह्य तरी. तीनशेचे एक शिबिर घेऊन त्याचा फलक रंगवण्यापेक्षा, वर्षभरात साठ-सत्तरची चार-पाच शिबिरे आमच्याशी तारखा ठरवून घ्या. त्यातले एक मे महिन्यात घ्याच. महाविद्यालये बंद असतात, तरुण मुले गावाला गेलेली असतात, पारा ४३-४४ अंशांवर असतो आणि नेमकी तेव्हाच आमची कपाटे रिकामी असतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. मेमध्ये शिबिर सकाळी साडेसहाला सुरू करून दहाच्या आत संपवा, दात्यांना आदल्या रात्री व्यवस्थित जेवायला आणि सकाळी पाणी पिऊन व काहीतरी खाऊन यायला सांगा, आणि रक्त दिल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे कोणालाही उठून स्कूटरवर बसू देऊ नका.

वार्तापत्राविषयी सांगायचे तर, प्रत्येक बातमीत किती पिशव्या जमल्या एवढेच असते. शिबिराच्या टेबलावर बसणाऱ्या मला मात्र परत पाठवलेली माणसे अधिक आठवतात. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते, वजन किमान ४५ किलो लागते. दरवेळी काही स्त्रिया मोठ्या उत्साहाने येतात, बोटाला सुई टोचून घेतात, आणि आम्ही त्यांना ‘‘ताई, तुमचे रक्त कमी आहे’’ असे सांगून उठवतो. त्या ओशाळवाण्या हसतात आणि निघून जातात. त्यांना बाजूला बसवून, पुढची तपासणी आणि उपचार कोठे करायचे ते सांगणारा, महिन्याने फोन करणारा एकही सभासद मी आजवर पाहिलेला नाही. वरच्या उत्तरातील भाषेत बोलायचे तर ही आमची ‘एक्स’ घरे आहेत.

दोन विनंत्या आणखी. भेटवस्तू देऊ नका, निदान किमती देऊ नका. मोठ्या भेटीसाठी माणूस आपला आजार लपवतो आणि त्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो. आणि रक्तदात्यांची नावे, रक्तगट व मोबाइल क्रमांक यांची यादी वार्तापत्रात छापू नका. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग व मलेरिया यांसाठी तपासणी होते, एखाद्या अहवालात काही आढळले तर आम्ही त्या व्यक्तीशी गोपनीय रीतीने बोलतो. यादी छापली की पुढच्या वेळी कोणाचे नाव का गळले याची चर्चा गल्लीत सुरू होते.

उत्तर : विडी घरकुल

सचिव साहेब, आपण दुसऱ्या बाजूने लिहायला सांगितलेत म्हणून लिहिते. माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणतो, चाळीस वर्षे विड्या वळते आहे. पाने भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, आणि हजाराच्या हिशेबाने माल कारखान्यात नेऊन द्यायचा. नजर कमी झाली तेव्हा तिने कोणाला सांगितले नाही. कारखान्यात तिच्या मालात छाट वाढली, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वाढल्या, तेव्हा आम्हाला कळले.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या विडी कामगारांच्या वसाहतीत मोफत नेत्रशिबिर ठेवले होते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण त्यांच्यामुळेच अम्माला आज दिसते आहे आणि ते मी विसरलेले नाही. पण त्या दिवसाचे वर्णन करते. चिठ्ठीवर सकाळी दहाची वेळ होती. अम्मा साडेनऊला जाऊन बसली. पाहुणे सव्वाअकराला आले, दीपप्रज्वलन झाले, भाषणे झाली आणि तपासणी सुरू झाली साडेबाराला. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर उन्हात डोळे उघडवत नाहीत हे कोणी सांगितले नव्हते. ती भिंतीला धरून घरी आली. त्या दिवशीचा तिचा माल बुडाला आणि दुसऱ्या दिवशीचाही.

शस्त्रक्रिया रुग्णालयात झाली आणि ती चांगली झाली. तेथे गाडीने नेले, गाडीने आणून सोडले. अडचण पुढे आली. थेंबांचा कागद मराठीत होता: पहिला आठवडा सहा वेळा, मग पाच, मग चार, असा उतरत जाणारा. अम्मा तेलुगू वाचते, तेही सावकाश, आणि एका डोळ्याला पट्टी. शेजारच्या दोघींनी तर पहिली बाटली संपल्यावर औषध संपले असे समजून थेंब बंद केले होते. आठवड्याने पुन्हा तपासणीला बोलावले होते, पण त्या दिवशी गाडी नव्हती, कारण त्या दिवशी कार्यक्रम नव्हता. मी कामावरून रजा काढून तिघींना रिक्षाने घेऊन गेले. साखर वाढलेली आहे म्हणून ज्या बायकांना शिबिरातून परत पाठवले होते त्यांना साखर आटोक्यात आल्यावर पुन्हा या असे सांगितले होते. पण कोठे, कोणाकडे आणि केव्हा, हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यातली एक आजही हाताने चाचपत पाने मोजते.

आणखी एक गोष्ट आहे, ती अम्मा स्वतः कधी बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात डोळ्यावर हिरवी पट्टी असलेला तिचा फोटो आला आणि खाली ओळ होती, ‘शिबिराचा लाभ घेताना गरजू वृद्धा’. माझ्या भावाने ते कात्रण कौतुकाने घरी आणले. अम्माने ते घडी करून सुपाखाली ठेवले आणि संध्याकाळी पाने गुंडाळायला वापरले. तिने तीन मुले शिकवली आहेत, घराचे हप्ते फेडले आहेत. तिला नाव आहे, आणि ते त्या दिवशीच्या नोंदवहीत मीच लिहून दिले होते.

तेव्हा माझ्या सूचना साध्या आहेत. विडी घरकुल असो, कुंभारी असो किंवा अशोक चौक असो, शिबिराचा दिवस कारखान्याची सुट्टी विचारून ठरवा. भाषणे करायचीच असतील तर तपासणी संपल्यानंतर करा. थेंबांच्या सूचना तेलुगू, कन्नड आणि उर्दूत द्या. त्या कागदावर देण्यापेक्षा आवाजात ध्वनिमुद्रित करून घरातल्या कोणाच्यातरी मोबाइलवर पाठवल्या तर अधिक उपयोगी पडतील. गाडी एकदाच द्यायची ऐपत असेल तर ती शिबिराच्या दिवशी देऊ नका, आठवड्यानंतरच्या तपासणीला द्या. शिबिराला आम्ही चालत येऊ.

उत्तर : हिशेबनीस, मुरारजी पेठ

वरील उत्तर वाचल्यावर हिशेबाचे बोलणे कोरडे वाटेल, परंतु प्रश्न निधीचाही आहे म्हणून थोडक्यात लिहितो. क्लबच्या खर्चाची दोन खाती ठेवावीत: एक सभासदांच्या वर्गणीचे, ज्यातून सभा, जेवण, पुष्पगुच्छ आणि फलक यांचा खर्च व्हावा, आणि दुसरे उपक्रमांचे, ज्यात लोकांकडून आलेली देणगी जमा व्हावी. दुसऱ्या खात्यातून हारतुऱ्यांवर एक रुपयाही जाऊ नये. मी काही संस्थांचे हिशेब पाहतो. ‘शिबिर खर्च’ या एका ओळीखाली मंडप, ध्वनिक्षेपक, स्मृतिचिन्हे आणि औषधे एकत्र टाकली की औषधांचा वाटा किती हे कोणालाच सांगता येत नाही.

देणगीदारांना देणगीवर प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने घेऊ नका, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या देणगीदाराला ती सवलत मिळत नाही हे त्याला आधीच सांगा, म्हणजे मार्चनंतर वाद होत नाहीत. क्लबचा विश्वस्त निधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेला असेल आणि विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज ९० दिवसांत दाखल करा. दरवर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या संस्थांत हा अर्ज ‘पुढचे बघतील’ म्हणून राहून जातो आणि मग बँकेत सही चालत नाही तेव्हा सगळे जागे होतात. वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर महिन्याचा जमाखर्च दहा ओळींत द्या. सभासद बाकी काही वाचोत न वाचोत, ते पान वाचतात.

उत्तर : निवृत्त उपसंपादक

मी येथील एका दैनिकात बरीच वर्षे स्थानिक पान लावले आहे आणि क्लबांच्या बातम्या किलोच्या हिशेबाने कापल्या आहेत. आपल्या नोव्हेंबरच्या शिबिराची बातमी माझ्या टेबलावर आली असेल तर तिची सुरुवात अशी असणार: ‘‘क्लबच्या वतीने आयोजित भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर मान्यवरांच्या शुभहस्ते उद्घाटन होऊन मोठ्या उत्साहात संपन्न झाले.’’ यातले भव्य, मान्यवर, शुभहस्ते आणि उत्साह काढले की उरते ते एवढेच की शिबिर झाले. तीच बातमी अशी लिहून पाहा: ‘‘अमुक परिसरातील १३४ जणांचे डोळे तपासण्यात आले. त्यांपैकी इतक्या जणांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचवण्यात आली, इतक्यांची शस्त्रक्रिया झाली आणि साखर किंवा रक्तदाब वाढल्याने थांबवलेल्या इतक्या जणांची फेरतपासणी अमुक तारखेला अमुक ठिकाणी होणार आहे.’’ रिकाम्या जागा आपण भरायच्या आहेत. ही बातमी कापता येत नाही, कारण तिच्यातल्या शेवटच्या वाक्याची कोणीतरी वाट पाहत असते.

छायाचित्राबाबत विडी घरकुलच्या ताईंनी जे लिहिले आहे त्यात मीही दोषी आहे, कारण तशा ओळी मी शेकड्यांनी लिहिल्या आहेत. ज्याचे छायाचित्र आहे त्याला विचारावे, त्याचे नाव द्यावे. तो नको म्हणाला तर थेंब घालणाऱ्या परिचारिकेचा हात छापावा. आणि बातमी कार्यक्रमाच्या आधी पाठवावी. झालेल्या शिबिराला कोणीही येऊ शकत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : नवा सचिव, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे वाचून मी परवा क्लबच्या कार्यालयातील कपाट उघडले. जुन्या फलकांच्या गुंडाळ्यांखाली नोव्हेंबरच्या शिबिराची नोंदवही सापडली, आणि सहकारी रुग्णालयाकडून शस्त्रक्रियांची यादीही मिळाली. १३४ पैकी ३१ जणांना शस्त्रक्रिया सुचवली होती, २२ जणांची झाली. उरलेल्या ९ जणांना काल दिवसभर दुकानातूनच फोन लावले. दोघांचे क्रमांक बंद आहेत. एकाने दुसरीकडे शस्त्रक्रिया करून घेतली आहे. दोघांजवळ बरोबर यायला माणूस नाही. चौघांना साखर वाढल्याने थांबवले होते; त्यांतील एक गृहस्थ म्हणाले, ‘‘साखर केव्हाच उतरली, तुमचा फोन येईल म्हणून थांबलो होतो.’’ नोव्हेंबरपासून ते थांबले होते. यावर मला काही बोलता आले नाही.

क्लबच्या सभेत मी तीन गोष्टी मांडल्या. ‘राहिलेली कामे’ हे सदर जुलैच्या अंकापासून पहिल्या पानावर सुरू होईल, हे मान्य झाले. फेरतपासणीच्या दिवशी गाडी देण्याचेही मान्य झाले, त्यासाठी पदग्रहण समारंभातील स्मृतिचिन्हे रद्द केली. माझ्या दुकानातून जे टॉवेल सत्कारासाठी नेहमी जात असत ते आता जाणार नाहीत, म्हणजे पहिला फटका मलाच. मे महिन्यातील रक्तदान शिबिराला मात्र विरोध झाला, कारण त्या महिन्यात आमचे अर्धे सभासद महाबळेश्वरला असतात. त्यावर उरलेल्या अर्ध्यांनी ते शिबिर घ्यावे असा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला आहे. रक्तपेढीतील ताईंना तारखेसाठी मी येत्या आठवड्यात भेटेन, आणि परत पाठवलेल्या स्त्रियांची वेगळी वही ठेवण्याचे काम आमच्या एका डॉक्टर सभासदांनी स्वतःहून घेतले आहे.

एक विनंती विडी घरकुलच्या ताईंना आहे. थेंबांच्या सूचना तेलुगूत ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. आमच्याकडे तेलुगू बोलणारे सभासद आहेत, पण ते व्यासपीठावर बोलतात तसेच मोबाइलसमोरही बोलतात. आपल्या अम्मांनी स्वतः हे थेंब घातलेले आहेत. त्यांची हरकत नसेल तर त्यांच्याच आवाजात त्या सूचना घेता येतील काय?

उत्तर : विडी घरकुल

अम्माला विचारले. आधी ती खूप हसली, मग तयार झाली. बाटली संपली तरी औषध संपलेले नसते, हे वाक्य ती दोनदा म्हणणार आहे असे तिने आताच सांगून ठेवले आहे. तिची अट एवढीच आहे की फोटो काढलात तर खाली तिचे पूर्ण नाव हवे, आणि ते ती स्वतः सांगेल. रविवारी चारनंतर या, त्याआधी तिची पाने कातरायची असतात.